अडीच क्विंटलचा छंद

बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत: घाटावरचा आणि घाटाखालचा. ही विभागणी कुठल्या राजपत्रात छापलेली नाही. पण सोयरीक जुळवताना, बदली मागताना आणि निवडणुकीची तिकिटं वाटताना ती तेरा तालुक्यांच्या हद्दींपेक्षा पक्की ठरते. मी राहतो घाटावर, खुद्द बुलडाण्यात. मी मागवलेली वस्तू उतरली घाटाखाली, मलकापूरच्या एका गोदामात. आणि तिचं वजन होतं अडीच क्विंटल. आमच्याकडे क्विंटल म्हटलं की पुढे सोयाबीन, तूर नाहीतर कापूस यायला हवा. माझ्या बिल्टीवर पुढे लिहिलं होतं, ‘टेबल सॉ, 1 नग.’

“डोअर डिलिव्हरी ठरली होती,” मी फोनवर म्हणालो.

“झाली ना साहेब. आमच्या गोदामाच्या डोअरपर्यंत व्यवस्थित आली.”

टेबल सॉ म्हणजे काय, हे मला पुढे इतक्या लोकांना समजवावं लागलं की आता ते तोंडपाठ आहे. एक लोखंडी कपाट असतं. त्याच्यावर बिडाचं गुळगुळीत टेबल. टेबलाच्या मधोमध फट, आणि फटीतून वर येणारं दहा इंची गोल पातं. हातकरवतीत लाकूड थांबतं आणि करवत चालते. इथे पातं जागेवर फिरतं आणि लाकूड त्याच्याकडे चालत जातं. पातं वर-खाली होतं, पंचेचाळीस अंशांपर्यंत कलतं. मोटर आणि दातेरी चाकं कपाटाच्या पोटात असतात, म्हणून त्याला कॅबिनेट सॉ म्हणतात. अँगलपट्ट्या वेल्डिंग करून बनवलेलं रंधा-कटर मशीन आमच्याकडच्या बऱ्याच मिस्त्र्यांकडे असतं. ते यातली बहुतेक कामं करतं, शिवाय रंधाही मारतं आणि माझ्या मशीनच्या किमतीत तसली बरीच येतात. ही माहिती मला पैसे भरल्यानंतर सगळ्यांनी आपुलकीनं दिली.

पण मी रात्री दीड-दीड वाजेपर्यंत व्हिडिओ पाहून बसलो होतो. त्या व्हिडिओंत अमेरिकेतला एक गृहस्थ आपल्या गॅरेजमध्ये उभा असतो. गॅरेज आमच्या जिल्हा परिषद शाळेपेक्षा मोठं. तो शांतपणे फळी पुढे सरकवतो, फळीचे दोन भाग होतात, आणि तो कॅमेऱ्याकडे पाहून मंद हसतो. त्याच्या घरात कोणी ‘दळण आणलं का?’ असं विचारत नाही. त्याच्याकडूनच मला कळलं की 1939 साली डेल्टा कंपनीनं युनिसॉ नावाचं मशीन काढलं आणि त्यात टेबल जागेवर ठेवून पातं कलवायची सोय केली. त्याआधीच्या मशीनवर टेबलच तिरपं करावं लागे, म्हणजे लाकूड उतारावर आणि सुतार घसरणीवर. 1939 साली जगात दुसरं महायुद्धही सुरू झालं. पण रात्री दीड वाजता मला युनिसॉच जास्त महत्त्वाची वाटली.

पैसे भरले अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर.

“लोक या दिवशी सोनं घेतात,” सौ. म्हणाली.

“हेही टिकाऊच आहे. बीड आहे, बीड.”

“सोनं नाही तर निदान चांदी. खामगाव काही लांब नाही.”

खामगावच्या चांदीचं नाव निघालं की आमच्या घरात वाद लांबतो, म्हणून मी घाईनं वचन दिलं: मशीन आलं की पहिलं काम स्वयंपाकघरातल्या फळीचं. गॅसच्या वर, डबे ठेवायला, साडेतीन फुटांची एक साधी फळी. तिनं ती ताबडतोब मागितली होती. मी म्हणालो, मशीन येऊ दे.

आमच्या जिल्ह्यात अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, भोवती अठरा प्रकारची धान्यं ठेवतात, पापड, भजी, कुरडई, विडा मांडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं धान्य कुठे सरकलं ते पाहून पाऊस, पीकपाणी आणि देशाच्या राजाचं भाकीत सांगतात. सगळ्या वऱ्हाडाचे कान तिकडे असतात. त्या मांडणीत एखादी फळी ठेवली असती, तर ती सौ.च्या ओट्यावर कधी पोचणार तेही पहाटेच कळलं असतं. पण एवढा दूरचा अंदाज वर्तवायला तिथेही कोणी धजावलं नसतं.

मशीन मलकापूरला आलं तेव्हा मृग लागला होता. बुलडाणा शहराला रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी आमचे आजोबा करत होते, वडील करत होते, मी करतो आहे. तेव्हा मशीन राजूर घाटातूनच वर यायला हवं होतं. मी एका ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.

“भाऊ, पाऊस पडला. ट्रॅक्टर वावरात हाये.”

“फक्त एका दिवसाचं काम आहे.”

“वापसा गेला तर पेरणी बसन का माह्याजवळ? तुमचं मशीन काय उगवून यायचं हाये का?”

हमाल पाहिले, तर ते खतांच्या गाड्यांवर. शेवटी एका मेटॅडोरवाल्याला दया आली. त्याच्या गाडीत आधीच बियाण्याच्या पिशव्या, एक फ्रिज आणि कोणाच्या तरी सासूबाई होत्या. मोताळ्याला त्या उतरल्या. उतरताना त्यांनी लाकडी खोक्याला हात लावून नमस्कार केला. आत मूर्ती आहे अशी त्यांची समजूत झाली होती, आणि मेटॅडोरवाल्यानं ती मोडली नव्हती. घाटाच्या वळणावळणाला खोकं जरा डावीकडे, जरा उजवीकडे सरकत होतं आणि ते आवळून धरायला मागे मी बसलो होतो. अडीच क्विंटल वजनाला पासष्ट किलोचा माणूस आवळून धरतो, म्हणजे नेमकं कोण कोणाला धरतं, हा प्रश्न राजूर घाटात विचारू नये.

गाडी गल्लीत शिरली तेव्हा लग्नाच्या वरातीसारखी गर्दी जमली. प्रत्येकाजवळ एक सूचना होती. ‘डावीकडून घ्या.’ ‘उजवीकडून घ्या.’ ‘आधी वरचं काढा.’ ‘काढूच नका, तसंच राहू द्या.’ उतरवायला हात लावणारे चार, सांगणारे चाळीस. एक आजोबा काठी टेकत जवळ आले.

“कडबा कुट्टी हाये का?”

“नाही बाबा, लाकूड कापायचं मशीन आहे.”

“कडबा नाई कापत?”

“कापेल तसा, पण…”

“मंग कुट्टीच हाये,” असं म्हणून ते समाधानानं परतले. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पक्की झाली होती की मी नोकरी सोडून म्हशी घेणार आहे. दुधाचा भाव विचारायला दोघे जण येऊनही गेले.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीला मी ‘वर्कशॉप’ म्हणतो. घरातले ‘मागची खोली’ म्हणतात. तिथे खोकं फोडलं, तर आत मशीन दिसेना. दिसला तो मधाच्या रंगाचा चिकट थर. कारखान्यातून निघताना बीड गंजू नये म्हणून टेबलाला जाड ग्रीस फासलेलं असतं. ते रॉकेलनं पुसा, असं व्हिडिओतल्या गृहस्थानं सांगितलं होतं. आता रेशनवर साखर मिळाली तर मिळाली, रॉकेल कुठलं आणायचं? डिझेल आणलं. माझी जुनी बनियनं संपली, मग नवी संपली. संध्याकाळी टेबल आरशागत लखलखलं आणि मला दारातच थांबवण्यात आलं. अंगाला एस.टी. डेपोचा वास येत होता. जेवणाचं ताट वर्कशॉपमध्येच आलं.

माहितीपुस्तिका इंग्रजीत होती, पण ती इंग्रजी बहुधा इंग्रजांना दाखवलेली नव्हती. ‘पात्याला आनंदी दिशेला घट्ट करावे’ अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. आनंदी दिशा शोधण्यात एक रविवार गेला. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक मिस्त्री आहेत. वय साठीच्या पुढे, कानावर पेन्सिल, खिशात घडीची फूटपट्टी. ते आले, पात्यावर छापलेला बाण बोटानं दाखवला आणि म्हणाले, “दात तुमच्याकडं पाहिजे. दात तिकडं फिरवले तर मशीन कापायच्या जागी लाकूड नुसतं जाळीन.” माझी पुस्तिका त्यांनी चाळली, आणि चहाचा कप ठेवायला तिचा उपयोग होतो हे त्यांच्या ध्यानात आलं.

आता मूळ टेबलाच्या दोन्ही बाजूंना पंख जोडायचे होते. पंख म्हणजे बिडाच्या दोन जड पाट्या. त्या बोल्टनं आवळायच्या आणि वरून सरळ पट्टी फिरवून तिन्ही पृष्ठभाग एका पातळीत आणायचे. उजवा पंख मुकाट बसला. डावा पंख पुढे वर, मागे खाली. पुढे दाबला की मागे वर. मी पुण्याहून बारीक पातळ पत्र्यांचा संच मागवायचा विचार बोलून दाखवला.

“कशाला?” मिस्त्री म्हणाले. त्यांनी खिशात हात घातला आणि एक रिकामी पुडी काढली. तिच्यावर जे नाव छापलेलं होतं, त्या पदार्थावर महाराष्ट्रात 2012 सालापासून बंदी आहे, म्हणून ते नाव मी वाचलं नाही. पुडीची घडी त्यांनी फटीत सारली, बोल्ट आवळला आणि बोटाचं नख सांध्यावरून फिरवलं. नख अडलं नाही. मी सरळ पट्टी ठेवली, खालून बॅटरीचा उजेड मारला. पट्टीखालून उजेडाची रेघही येईना.

“झालं,” ते म्हणाले.

“किती थाऊचा फरक राहिला असेल?”

“काय किती?”

इथून आमच्या दोघांचं गणित वेगळं झालं. मिस्त्री सुतात मोजतात. एका इंचाचे आठ सूत. त्यांच्या आयुष्यात सगळ्यात बारीक माप म्हणजे अर्धा सूत, आणि तेही गिऱ्हाईक फार किरकिर करत असेल तर. मी मोजायला शिकलो होतो थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. त्यांच्या एका सुतात माझे सव्वाशे थाऊ बसतात. पातं टेबलावरच्या खाचेला समांतर हवं, आणि फरक तीन-चार थाऊपेक्षा जास्त नको, असं व्हिडिओतला गृहस्थ बजावून सांगत होता. तीन थाऊ म्हणजे जेमतेम एका केसाची जाडी. माझ्या डोक्यावर आता मोजमापाला घ्यायलाही केस फारसे नाहीत, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

म्हणून डायल गेज आणलं. घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर काटा, खाली बारीक टोक. कृती अशी: पात्याच्या एका दातावर मार्करनं खूण करायची. तो दात पुढे आणून गेजचं टोक टेकवायचं, आकडा लिहायचा. मग तोच दात फिरवून मागे न्यायचा, गेज खाचेतून मागे सरकवायचं, पुन्हा आकडा लिहायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पात्याचा तिरकेपणा. फरक असला की मशीनच्या पोटात डोकं घालून चारपैकी तीन बोल्ट सैल करायचे, लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायचं, बोल्ट आवळायचे आणि पुन्हा मोजायचं. आवळताना फरक पुन्हा येतो. येतोच. माझा फरक अकरावरून दोनवर आला की मी घाम पुसायला उठायचो, तेवढ्यात आमचा धाकटा येऊन टेबलाला टेकायचा. पुन्हा नऊ.

शेजारी निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. ते कुंपणावरून रोज चौकशी करत.

“काय हो, कापलं का काही?”

“नाही मास्तर, अजून समांतर करतोय.”

“समांतर रेषा अनंतात भेटतात म्हणतात. तोवर थांबायचं का?”

लोणारला एक उल्का येऊन आदळली आणि डायल गेज न लावता तिनं जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचं गोल विवर पाडलं. तेही अग्निजन्य काळ्या खडकात, आणि एका फटक्यात. त्याच जिल्ह्यात मी तीन थाऊंसाठी गुडघ्यांवर बसलो होतो. उल्केला मदत करायला धाकटा नव्हता, हे मात्र लक्षात घ्यावं.

मग विजेचं पाहिलं. मोटर तीन हॉर्सपॉवरची. चालू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. मी आधी इस्त्रीच्या सोळा अँपिअरच्या पॉइंटवर जोडून बटण दाबलं. मशीननं ‘हुं’ असा एक खोल उद्गार काढला आणि घर अंधारात गेलं. आतून आईचा आवाज आला, “अरे, आत्ताच ती सून खरं बोलणार होती!” त्या मालिकेतली सून नेमकं काय बोलली, ते आमच्या घरात अजून कोणाला माहीत नाही, आणि त्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, लोड वाढवून घ्या. वीज कार्यालयातल्या अर्जात ‘वापराचा हेतू’ असा रकाना होता. घरगुती, वाणिज्यिक, औद्योगिक, कृषी.

“छंद,” मी म्हणालो.

खिडकीतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. “छंदाचा दर नाही आपल्याकडे. काही विकणार का?”

“नाही.”

“कापून काय करणार मग?”

“फळी. स्वयंपाकघरात.”

“एका फळीसाठी तीन हॉर्सपॉवर?” त्यांनी आतल्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली, त्यानं आणखी एकाला. तिघांनी मिळून माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि ‘घरगुती’वर खूण केली. घरी आलो तर गल्लीत नवी शंका तयार होती: आरा गिरणीला वनखात्याचा परवाना लागतो, तो काढला का? दहा इंची पात्यावर झाडाचं खोड चढत नाही, हे मी पटवून सांगितलं. “ते खरं हो,” विचारणारे म्हणाले, “पण ज्ञानगंगेच्या जंगलात यंदा एखादं सागाचं झाड कमी झालं, तर पहिलं नाव कोणाचं निघेल?” ज्ञानगंगा अभयारण्यातल्या सगळ्या सागांना त्या दिवसापासून मी मनोमन दीर्घायुष्य चिंतत आलो आहे.

वायर नवी, एमसीबी नवा, पॉइंट नवा. सगळं झालं, पण आईनं मशीन चालू करू दिलं नाही. “खंडेनवमी तोंडावर आलीय. आधी पूजा.” आयुधांची पूजा असते, त्याला नाही कसं म्हणणार? त्या दिवशी आईनं टेबलावर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, झेंडूची माळ पात्याला घातली, आणि मी ‘आई, नको!’ म्हणेपर्यंत बिडाच्या कडेवर नारळ फोडला. ज्या टेबलावर मी दमट हातही टेकवत नव्हतो, त्याच्यावर नारळाचं पाणी चहूकडे पसरलं. पुसायला फडकं आणलं तर आई म्हणाली, “तीर्थ पुसतात का कुठे? आपोआप वाळेल.” आपोआप वाळलं. दसऱ्याच्या सकाळी टेबलावर तांबूस गंजाचं एक रेखीव स्वस्तिक उमटलं होतं. पॉलिश पेपरनं ते फिकं झालं, पण गेलं नाही. मशीन पाहायला येणारे आता आधी हात जोडतात आणि मग किंमत विचारतात.

मशीन नीट बसलं आहे की नाही, याची एक जगप्रसिद्ध परीक्षा आहे. चालू मशीनच्या टेबलावर नाणं कडेवर उभं करायचं. नाणं पडलं नाही तर मशीनला थरथर नाही. आपल्याकडे त्यासाठी पूर्वीचं जाड पाच रुपयांचं नाणं उत्तम. मी किराणा दुकानात गेलो.

“जाड पाचचं नाणं आहे का?”

“लोक सुट्टे मागतात,” दुकानदार म्हणाला, “तुम्ही पहिलेच जाडी मागून राह्यले.”

बातमी पसरली. गल्लीतल्या पोरांनी देव्हारे, गल्ले आणि आजीबाईंचे बटवे धुंडाळले. नाणं मिळालं आणि नाण्यासोबत अख्खी गल्लीही आली. मी बटण दाबलं. पातं घूं करून फिरलं. नाणं कडेवर ठेवलं. उभं राहिलं! मी श्वास रोखून होतो. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग मागून एक पोरगा म्हणाला, “काका, आता काय होईल?”

“काही नाही. असंच उभं राहील.”

“मग झालं काय?”

याचं उत्तर व्हिडिओतल्या गृहस्थानंही दिलेलं नाही. मिस्त्रींनी नाणं उचलून पोराच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, “भाऊ, मी काय म्हंतो, आता एखादं लाकूडबी दाखवा त्याले. मशीन लाजून राह्यलं असन.”

लाकूड दाखवायचा दिवस उगवला तेव्हा मी सुरक्षेची सगळी तयारी केली. चष्मा, कानावर टोपणं, तोंडाला फडकं. दहा इंची पातं मिनिटाला चार हजार फेरे घेतं, तेव्हा त्याच्या दाताचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या घरात जातो. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. तिथे मोटारीलासुद्धा ताशी 120 ची मर्यादा आहे, आणि तिथे कोणी बोट पुढे करत नाही. अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या वकिलानं यावर उपाय काढला. बोट पात्याला टेकलं की मशीनला ते विजेच्या बारीक फरकानं कळतं आणि साधारण पाच मिलिसेकंदांत पातं जागच्या जागी थांबतं. प्रात्यक्षिकाला तो सॉसेज वापरायचा, आणि एकदा त्यानं स्वतःचं बोटही लावून दाखवलं. माझ्या मशीनला ती सोय नाही. ही गोष्ट मी मिस्त्रींना सांगितली तेव्हा ते विचारात पडले.

“वकील होता?”

“हो.”

“तरीच. सुतार असता तं बोट लावलंच नसतं.”

सौ.नं फळीसाठी जुन्या वाड्याची सागाची फळी मिळवून ठेवली होती. बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी रवाना झालं. त्याच जातीचं लाकूड आमच्या डब्यांखाली येणार याचा मला अभिमान होता. पण जुन्या सागात खिळे दडलेले असतात आणि ते पात्याचे कार्बाइडचे दात उडवतात, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. मी लोहचुंबक फिरवून फळी तपासली, चार बाजूंनी मापं घेतली, ती वहीत लिहिली, आणि आधी सराव म्हणून एक रद्दी प्लायचा तुकडा घेतला.

तुकडा फेन्सला टेकवून पुढे सरकवला. फेन्स म्हणजे आधाराची लांब पट्टी. ती मागच्या बाजूला पात्याकडे किंचित जरी झुकली, तर लाकूड दोघांमध्ये चेपतं आणि मागून वर येणारे दात त्याला उचलून फेकतात. हे मी पाठ केलं होतं. प्लायनं ते केलेलं नव्हतं. फाट असा आवाज झाला. तुकडा माझ्या कमरेजवळून सुटला, उघड्या दारातून बाहेर गेला, कुंपण ओलांडलं आणि मास्तरांच्या अंगणात, ते वाचत असलेल्या पेपरच्या अग्रलेखात शिरला.

गल्ली स्तब्ध झाली. मास्तर शांतपणे उठले, तुकडा घेऊन आले, चष्मा लावून त्याच्या कडेवर नजर फिरवली.

“सरळ कापलाय हो,” ते म्हणाले. “अभिनंदन. पुढचा मात्र हातात आणून द्या.”

त्यानंतर मी फळीला हात लावायच्या आधी आवश्यक ती साधनं करायला घेतली. लाकूड ढकलायला दांडा. आडवं कापायला सरकपाट. तो सरकपाट टांगायला खुंट्या. खुंट्यांसाठी भिंतीला पट्टी. पट्टीची मापं घ्यायला आणखी एक गुण्या. मशीनवर आतापर्यंत जे जे तयार झालं ते मशीनसाठीच तयार झालं. सौ. एकदा दारात येऊन म्हणाली, “हे मशीन माहेरवाशीण आहे का? सगळं तिचंच चाललंय.” त्यातच रब्बीचा हंगाम लागला. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला शिवारात पंप सुरू झाले आणि व्होल्टेज खाली बसलं. मशीन कण्हत फिरू लागलं. मी व्होल्टमीटर लावून बसू लागलो. 230 च्या जागी 185 दिसले की चहा, 200 दिसले की आशा. साडेतीन फुटांच्या सागाच्या फळीवर एव्हाना माझ्या वहीतली सगळी मापं पेन्सिलीनं नीट लिहून झाली होती.

एक दिवस ऑफिसातून आलो तर फळी भिंतीवर होती. वर डबे ओळीनं लागले होते. मिस्त्री दुपारी आले होते, हातकरवतीनं टोकं कापली, दोन ब्रॅकेट ठोकले, चहा घेतला आणि गेले. मी वर्कशॉपमधून डायल गेज आणलं.

“खबरदार!” सौ. म्हणाली.

मी रात्री सगळे झोपल्यावर पाहिलं. फळी एका टोकाला अर्धा सूत खाली आहे. त्या टोकाला हिंगाची डबी आहे आणि ती आजवर घसरलेली नाही.

आता मशीनवर मिस्त्रीच काम करतात. त्यांच्या रंधा-कटरची मोटर जळली होती, म्हणून ते एक दरवाजाची चौकट घेऊन आले. मग खिडक्या आल्या, शाळेचे बाक आले, मास्तरांचा देव्हारा आला. ते फूटपट्टी एकदा लावतात, फेन्स सरकवतात, अंगठ्यानं थोपटतात आणि फळी पात्याकडे सोडतात. मी पलीकडे उभा राहून कापलेलं लाकूड धरतो. इतकं लांब लाकूड एकट्यानं निघत नाही, मागे एक माणूस लागतोच. ते काम मी चांगलं करतो असं त्यांचं मत आहे. भुसा झाडणं, खुणा पुसणं आणि चहा सांगणं ही कामंही ओघानं आलीच.

परवा चिखलीहून एक गिऱ्हाईक सोफ्याचं लाकूड घेऊन आलं. मी टोक धरून होतो. गिऱ्हाइकानं माझ्याकडे पाहिलं, चष्म्यावर साचलेला भुसा पाहिला आणि मिस्त्रींना हळूच विचारलं, “नवा माणूस ठेवला का?”

मिस्त्रींनी फळी पूर्ण पार केली, मशीन बंद केलं आणि माझ्याकडे नजर टाकली.

“शिकून राह्यला हळूहळू,” ते म्हणाले. “माणूस इमानदार हाये. फक्त मोजते लय.”